घटक ४ : विनोदी मालिकांतील नास्तिक पात्र आणि आंतरधर्मीय नाते

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपल्याला :
१) 'नास्तिक', 'पाखंडी', 'बाटणे' या शब्दांचा अर्थेतिहास सांगता येईल.
२) एकनाथांचे भारूड आणि लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' यांच्या आधारे मराठीतील आंतरधर्मीय विनोदाची परंपरा स्पष्ट करता येईल.
३) विनोदी मालिकेतील नास्तिक पात्राचे आणि आंतरधर्मीय जोडप्याचे चित्रण चार सूत्रांनी तपासता येईल.
४) संवादातील सर्वनामे, संबोधने आणि उच्चारांच्या लकबी यांतून समाजभान कसे व्यक्त होते, ते दाखवता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, विनोदाचे शब्दनिष्ठ, प्रसंगनिष्ठ आणि स्वभावनिष्ठ हे प्रकार आपल्याला परिचित आहेत. या घटकात आपण प्रसंगनिष्ठ विनोदावर उभ्या असलेल्या दूरचित्रवाणी मालिकांचा, म्हणजे ज्यांना आपण बोलीत 'सिटकॉम' म्हणतो त्यांचा, एका विशिष्ट अंगाने विचार करणार आहोत. देव न मानणारा माणूस आणि दोन धर्मांतील दोघांचे नाते हे दोन विषय अशा मालिकांत कसे येतात, हा आपला प्रश्न आहे.

संपर्कसत्रात येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो : "गंमत म्हणून केलेल्या गोष्टीची एवढी चिकित्सा कशाला?" आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर आरंभीच दिले पाहिजे. कादंबरी आपण एकटे वाचतो. मालिका मात्र घरातील तीन पिढ्या एकत्र बसून पाहतात. ज्या घरात मुलीने परधर्मातील जोडीदार निवडला आहे, किंवा मुलाने पूजेला बसण्यास नकार दिला आहे, त्या घरातही ती पाहिली जाते. अशा घरात पडद्यावरील एका विनोदाने कोंडलेले बोलणे मोकळे होऊ शकते आणि त्याच विनोदाने एखादे माणूस जेवणाचे ताट सोडून उठूही शकते. हसणे हे सामाजिक कृत्य आहे. कोण कोणाला हसतो, यावरून घरातील आणि समाजातील मानाचा क्रम ठरतो. म्हणून हा अभ्यास.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना या विषयासाठी दूर जाण्याचे कारण नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद, नगरचे टिळक दांपत्य आणि शनिशिंगणापूरचे आंदोलन ही तिन्ही उदाहरणे याच जिल्ह्यातील असून या घटकात ती पुन्हा पुन्हा येतील.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ शब्दांचा इतिहास

'नास्तिक' या शब्दाची व्युत्पत्ती पाणिनीच्या व्याकरणात सांगितलेली आहे. 'नास्ति', म्हणजे 'नाही', अशी ज्याची मती तो नास्तिक. काय नाही, हे मात्र या शब्दात सांगितलेले नाही. परंपरेने पुढे त्याचा अर्थ 'वेदांचे प्रामाण्य न मानणारा' असा निश्चित केला. या अर्थाने बौद्ध, जैन आणि चार्वाक ही दर्शने नास्तिक ठरली. याउलट सृष्टिकर्त्या ईश्वराची आवश्यकता न मानणारी सांख्य आणि पूर्वमीमांसा ही दर्शने वेद मानतात म्हणून आस्तिक राहिली. 'देव न मानणारा तो नास्तिक' हा आजचा रूढ अर्थ म्हणजे या शब्दाच्या प्रवासातील नंतरचा टप्पा होय.

'पाखंड' या शब्दाचा प्रवास अधिक बोलका आहे. सम्राट अशोकाच्या शिलालेखांत 'पासंड' हा शब्द 'धर्मसंप्रदाय' या अर्थाने येतो. त्यात निंदा नाही. उलट सर्व पासंडांचा आदर करावा, असा त्या लेखांचा आशय आहे. कालांतराने 'आपला नव्हे तो संप्रदाय' आणि मग 'ढोंगी' असा अर्थापकर्ष होत गेला. आज कोणी स्वतःला पाखंडी म्हणवून घेत नाही.

तिसरा शब्द 'बाटणे'. याची व्याकरणिक रचना लक्षात घ्या. भांडे बाटते, पाणी बाटते, विहीर बाटते आणि माणूसही बाटतो. हे अकर्मक क्रियापद आहे. त्यात कर्त्याच्या इच्छेला, विचाराला, निवडीला स्थान नाही. त्याला काहीतरी 'होते'. 'त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला' या वाक्यात विचार करून कृती करणारा माणूस आहे. 'तो बाटला' या वाक्यात विटाळलेली वस्तू आहे. घटना एकच, तथापि क्रियापद बदलताच माणसाचे कर्तेपण नाहीसे होते. परधर्मात विवाह केलेल्या मुलीसंबंधी 'पळून गेली', 'नादी लागली', 'फूस लागली' असे बोलले जाते तेव्हाही नेमके हेच घडते. मालिकेचा संवाद तपासताना प्रथम क्रियापदांकडे पाहावे, असे म्हणण्याचे कारण हे आहे.

४.३.२ परंपरा : भारुडातील संवाद

मराठीत धर्मांतील भेदावर विनोद दूरचित्रवाणीमुळे आला, असे समजण्याचे कारण नाही. संत एकनाथांचा (१५३३–१५९९) 'हिंदु-तुर्क संवाद' हे भारूड या परंपरेचे आद्य उदाहरण मानता येईल. त्यात एक हिंदू आणि एक तुर्क, म्हणजे मुसलमान, समोरासमोर येऊन एकमेकांच्या देवकल्पना, आचार आणि कथा यांवर तोंडसुख घेतात. दोघेही सारखेच तिखट आहेत, दोघांनाही सारखीच संधी आहे, आणि शेवटी परमेश्वर एकच असल्याचे ओळखून ते एकमेकांना आलिंगन देतात. भाषेच्या दृष्टीनेही ही रचना महत्त्वाची आहे. तुर्काच्या तोंडी दखनी वळणाची बोली आणि हिंदूच्या तोंडी मराठी, असा हा द्विभाषिक संवाद असून श्रोत्यांना दोन्ही भाषा समजतात, हे त्यात गृहीत धरलेले आहे.

येथे एक तत्त्व हाती येते. ज्या विनोदात दोन्ही पक्षांना बोलण्याचा समान अधिकार असतो, तो कितीही कठोर असला तरी अपमान ठरत नाही. एकाच पक्षाला बोलण्याचा अधिकार असेल, तर सौम्य विनोदही बोचतो.

४.३.३ परंपरा : एका घरात दोन धर्म

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) यांनी त्या वेळी धर्मांतर केले नाही. ताटातूट झाली. पुढे त्या नगरला पतीकडे राहण्यास आल्या, तरी आपले सोवळे त्यांनी सोडले नव्हते. अमेरिकन मराठी मिशनच्या नगरमधील परिसरात एक ख्रिस्ती पती आणि सोवळे पाळणारी ब्राह्मण पत्नी असा हा संसार होता. १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. हे सारे त्यांनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात लिहिले असून ते १९३४ ते १९३६ या काळात भागशः प्रसिद्ध झाले. पुढे विजया मेहता यांनी दूरचित्रवाणीसाठी त्यावर चित्रपट केला आणि त्यात सुहास जोशी यांनी लक्ष्मीबाईंची भूमिका केली.

या हकिकतीत अश्रू ढाळण्याजोगे पुष्कळ आहे. पण 'स्मृतिचित्रे' स्मरणात राहते ते त्यातील विनोदामुळे. बाजारातून आलेला किराणाही धुऊन घेण्यापर्यंत गेलेले वडिलांचे सोवळे, विसराळू, रागीट आणि हातात पैसा न टिकणारे उदार टिळक, आणि या सर्वांत गोंधळलेली, हट्टी, पण डोळे उघडे ठेवणारी निवेदिका अशी ही पात्रे आहेत. लक्ष्मीबाई सर्वाधिक हसतात त्या स्वतःला. आपण पाण्याचा विटाळ कसा मानत होतो आणि जात देवाने केली की माणसाने, या विचाराशी येऊन तो कसा गळून पडला, हे त्या कोणालाही न दुखावता सांगतात. यास आत्मविनोद म्हणतात.

भाषिक अंगाने पाहता एक तपशील विशेष आहे. पतीचे नाव न घेण्याच्या त्या काळात निवेदिका संपूर्ण ग्रंथात पतीचा उल्लेख 'टिळक' असा करते. त्यात आदर आहे आणि अंतरही आहे. एका स्वतंत्र माणसाने दुसऱ्या स्वतंत्र माणसाकडे पाहावे, अशी ती दृष्टी आहे. आंतरधर्मीय नात्याच्या विनोदाला हे अंतर उपकारक ठरते.

तथापि अभ्यासकाने येथेच थांबू नये. शेवटी धर्म बदलला तो पत्नीने; दोन धर्मांचे घर एकाच धर्माचे झाले. 'किंमत कोणी मोजली?' हा प्रश्न 'स्मृतिचित्रे'लाही विचारला पाहिजे. फरक इतकाच की, येथे किंमत मोजणारीच्याच हाती लेखणी आहे आणि निर्णयाचा हिशोब तिने स्वतः मांडला आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
अ) 'तो बाटला' आणि 'त्याने धर्म स्वीकारला' या वाक्यांत व्याकरणिक फरक कोणता?
आ) 'हिंदु-तुर्क संवादा'तील विनोद अपमानकारक का ठरत नाही?

४.३.४ मालिका पाहण्याची चार सूत्रे

वरील विवेचनातून चार प्रश्न तयार होतात. पुढील सर्व उदाहरणे आपण त्यांच्या आधारे तपासू.

१) हास्यविषय कोण? पात्राची तारांबळ हसवते की त्याचा धर्म अथवा त्याचे मत?
२) अखेरचा शब्द कोणाचा? भाग संपताना कोणाचे म्हणणे खरे ठरवले जाते?
३) पात्राला मताखेरीज आणखी काही आहे काय? नोकरी, भूक, प्रेम, पाठदुखी?
४) किंमत कोण मोजतो? तडजोड दोन्हीकडून होते की एकाच बाजूने?

४.३.५ नास्तिक पात्राचे तीन साचे

पहिला साचा 'वादळी जावया'चा. अमेरिकेतील 'ऑल इन द फॅमिली' (१९७१–१९७९) या गाजलेल्या मालिकेत आर्ची बंकर हा सनातनी वृत्तीचा सासरा आणि त्याच्याच घरात राहणारा नास्तिक जावई माइक यांचे रोजचे भांडण आहे. नातवाचा बाप्तिस्मा करू नये असे माइकला वाटते. म्हणून आर्ची नातवाला गुपचूप चर्चमध्ये घेऊन जातो आणि धर्मगुरूने नकार दिल्यावर स्वतःच त्याला बाप्तिस्मा देतो. चार सूत्रे लावून पाहा. हास्यविषय दोघेही आहेत : आर्चीचा आडमुठेपणा आणि माइकचा पढीकपणा. आजोबाची माया खरी आहे आणि पित्याचा हक्कही खरा आहे. अखेरचा शब्द मालिका प्रेक्षकांवर सोपवते. ही रचना भारुडाच्या जवळची आहे.

दुसरा साचा 'हृदयशून्य बुद्धिमंता'चा. 'द बिग बँग थिअरी' (२००७–२०१९) या मालिकेतील शेल्डन कूपर हा भौतिकशास्त्रज्ञ देव मानत नाही. त्याची आई कट्टर ख्रिस्ती आहे. शेल्डनला माणसांच्या भावना कळत नाहीत, यावर त्या मालिकेचा बराचसा विनोद उभा आहे. आई-मुलाच्या नात्यात जिव्हाळा आहे, ही जमेची बाजू. मात्र 'देव न मानणारा तो भावनाशून्य' असे समीकरण प्रेक्षकाच्या मनात नकळत रुजते. दोन गुण एकाच पात्रात एकत्र आले म्हणून त्यांत कार्यकारणभाव असतोच असे नाही.

तिसरा साचा 'दुखावलेल्या माणसा'चा. 'ओह माय गॉड' (२०१२) हा हिंदी चित्रपट 'कानजी विरुद्ध कानजी' या गुजराती नाटकावरून आला. ती मालिका नसली तरी साच्याच्या दृष्टीने ते उदाहरण उपयुक्त आहे. भूकंपात दुकान कोसळते, विमा कंपनी 'देवाची करणी' म्हणून भरपाई नाकारते आणि नास्तिक व्यापारी देवावरच दावा लावतो. कल्पना अत्यंत विनोदी असून धर्माच्या बाजारावरील तिचा उपरोध प्रखर आहे. पण शेवटी प्रत्यक्ष देव येतो आणि नायक आस्तिक होतो. म्हणजे नास्तिकाला प्रश्न विचारण्याची मुभा आहे. नास्तिक राहण्याची नाही. त्याचे मत हा विचार न राहता एक जखम ठरते आणि जखम म्हटली की ती भरून येणे ओघानेच आले.

मराठीत या साच्यांपासून दूर असलेले एक पात्र 'देऊळ' (२०११) या चित्रपटात आढळते. गावात दत्ताच्या साक्षात्काराची वार्ता पसरते, रुग्णालयाचा आराखडा मागे पडतो आणि देऊळ उभे राहते. दिलीप प्रभावळकर यांनी साकारलेले अण्णा या लाटेत शंका घेतात. ते स्वतःला नास्तिक म्हणवीत नाहीत. त्यांची शंका गावावरील मायेतून येते. तेथे विनोद होतो तो गर्दीचा, शंका घेणाऱ्याचा नव्हे.

नास्तिक माणसाची टिंगल हा आपल्याकडे केवळ पडद्यापुरता विषय नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. 'सुधारक'कर्ते गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) यांची त्यांच्या हयातीतच पुण्यात प्रेतयात्रा काढण्यात आली होती. काढणाऱ्यांच्या लेखी ती गंमतच असावी. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना प्रवेश मिळावा यासाठी २००० साली आंदोलन झाले, तेव्हा त्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि ज्येष्ठ अभिनेते डॉ. श्रीराम लागू होते. डॉ. लागू उघडपणे निरीश्वरवादी होते. दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका मात्र 'देव-धर्माला विरोध नाही, शोषणाला आहे' अशी होती. तरीही 'नास्तिक' हा एकच शिक्का दोघांवर मारला गेला. चौथरा स्त्रियांना खुला झाला तो एप्रिल २०१६ मध्ये. तो दिवस पाहण्यास दाभोलकर नव्हते; २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची गोळ्या घालून हत्या झाली होती. टिंगलीतूनच हिंसा होते, असा सरळ निष्कर्ष येथे काढायचा नाही. परंतु शब्दाचा शिक्का झाला की त्यामागचा माणूस दिसेनासा होतो, एवढे निश्चित.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
अ) नास्तिक पात्राचे तीन साचे कोणते?
आ) 'ओह माय गॉड'मध्ये नास्तिकाचे मत 'जखम' कसे ठरते?

४.३.६ आंतरधर्मीय जोडपे : कायदा, पडदा आणि मौन

नास्तिक आणि आंतरधर्मीय जोडपे हे दोन विषय एकाच घटकात का घेतले, याचे उत्तर कायद्याच्या इतिहासात मिळते. १८७२ च्या विवाह कायद्यानुसार लग्न करू इच्छिणाऱ्यांना आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, शीख, जैन इत्यादी धर्मांपैकी कोणताही धर्म मानत नाही, असे निवेदन करावे लागे. दोन धर्मांतील श्रद्धावान जोडप्याला लग्नासाठी कागदोपत्री श्रद्धाहीन व्हावे लागत असे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने ही अट संपली. आपापला धर्म ठेवून विवाह करता येऊ लागला. त्यासाठी द्यावयाच्या नोटिशीची तीस दिवसांची मुदत मात्र कायम आहे आणि याच तीस दिवसांत घरात काय घडते, हे आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल.

पडद्यावर ही जोडपी आली तेव्हा काय झाले? 'ब्रिजेट लव्हज बर्नी' (१९७२–१९७३) या अमेरिकन मालिकेत कॅथलिक ब्रिजेट आणि ज्यू बर्नी यांच्या संसाराची गोड गंमत होती. प्रेक्षकसंख्या उत्तम होती. तरीही ज्यू संघटनांच्या तीव्र विरोधानंतर मालिका पहिल्याच पर्वानंतर बंद झाली. विरोधकांचे म्हणणे असे होते की, एका छोट्या समाजाच्या टिकून राहण्याचा गंभीर प्रश्न येथे हसण्यावारी नेला आहे. हा आक्षेप तुच्छ लेखू नये. मालिकेतील दोन्ही घरांना धर्माची अडचण फक्त गमतीपुरती भासत असेल, तर तीही माणसांच्या श्रद्धेची अवहेलनाच होय. भारतात २०२० साली हिंदू सुनेच्या डोहाळजेवणाची तयारी करणारे मुसलमान सासर दाखवणारी एक जाहिरात विरोधानंतर मागे घेण्यात आली. तेथे तर विनोदही नव्हता. केवळ जिव्हाळा होता.

आपल्याकडील विनोदी मालिकांनी सामान्यतः दुसरी वाट धरली. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ पडद्यावर आले. २००१ मध्ये सुरू झालेल्या 'श्रीयुत गंगाधर टिपरे' या मालिकेने तीन पिढ्यांचे घर उभे केले. या मालिकांतील विनोद निर्विष आणि स्वभावनिष्ठ आहे. पिढ्यांमधील, पती-पत्नींमधील आणि शेजाऱ्यांमधील विसंगती हा त्याचा आधार होय. या घरांत धर्म आहे तो देव्हारा, सणवार आणि उपवासाची खिचडी या रूपात. वादाचा विषय म्हणून नव्हे. हिंदीतील 'नुक्कड' (१९८६–१९८७) या मालिकेने निरनिराळ्या धर्मांची कष्टकरी माणसे एका चौकात आणि कादरभाईच्या हॉटेलात एकत्र आणली. पण ते नाते चौकातील मैत्रीचे होते.

यातून एक अलिखित नियम दिसतो. परधर्मीय माणूस चौकात, कचेरीत, शेजारी चालतो. उंबरठ्याच्या आत नातेवाईक म्हणून आला की विनोद अडखळतो. मौन हेही चित्रणच असते. जे घर पडद्यावर कधीच दिसत नाही, त्या घरातील माणसांना आपण अपवाद आहोत असे वाटू लागते.

४.३.७ भाषेची खूण : 'आमच्यात' आणि 'आपल्यात'

परधर्मीय पात्र ओळखू यावे म्हणून मालिका उच्चारांची लकब वापरतात. ख्रिस्ती पात्र मुंबईच्या हिंदीत किंवा मोडक्या मराठीत बोलते आणि मुसलमान पात्र प्रत्येक वाक्यात उर्दू शब्द पेरते. भाषाभ्यासकाला हा संकेत मान्य करता येत नाही. अमेरिकन मिशनचे 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये नगर येथे सुरू झाले, ते मराठीत. नगर, राहुरी, श्रीरामपूर या भागांतील ख्रिस्ती कुटुंबांची मराठी त्यांच्या शेजाऱ्यांपेक्षा वेगळी काढून दाखवणे अवघड आहे. 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठीत रचणारे शेख महंमद श्रीगोंद्याचे होते. एकनाथांच्या भारुडात दखनी बोली आली ती श्रोत्यांना परिचित असलेली जिवंत भाषा म्हणून. आज मालिकेत मोडकी मराठी येते ती 'हा बाहेरचा आहे' असे सांगण्यासाठी. साधन तेच असून हेतू बदलला आहे.

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. 'आम्ही' या सर्वनामात ऐकणारा वगळलेला असतो. 'आपण' यात तो सामावलेला असतो. म्हणून 'आमच्यात' आणि 'आपल्यात' हे दोन शब्द समाजाच्या सीमा आखतात. नव्या सुनेला सासू म्हणते, "आमच्यात श्रावणात हे चालत नाही हो." वाक्यात शिवी नाही, राग नाही, पण सून सीमेबाहेर आहे. काही महिन्यांनी त्याच सासूच्या तोंडून "आपल्यात असंच करतात" असे निघून गेले, तर एकही मोठा संवाद न लिहिता नाते बदलल्याचे कळते. मात्र 'आपल्यात' या शब्दाचाही धाक असू शकतो. "आता तू आपल्यात आलीस" याचा अर्थ "तुझे जुने सोड" असाही होतो. कोणता अर्थ आहे, ते प्रसंगावरून ठरवावे.

पुढील दोन संवाद केवळ अध्ययनासाठी रचले आहेत. प्रसंग एकच : गणपतीची आरती चालू आहे आणि घरातील नातू देव मानत नाही.

संवाद अ
काका : काय रे, देव नाही म्हणतोस, मग मोदक कसा चालतो?
नातू : (मोदक तोंडात टाकत) मोदकाचा पुरावा समोर आहे, काका.

संवाद ब
आजी : तू हात जोडत नाहीस, मग आरतीला येतोस कशाला रे?
नातू : तुला उभं राहवत नाही आजी. हात धरायला कोणीतरी नको का?
आजी : बरं. तुझ्या वाटचा नमस्कार मी करते. तू माझा हात तेवढा सोडू नकोस.

पहिल्या संवादात विनोद शब्दनिष्ठ आहे. तो चटकदार आहे आणि नातवाला उत्तर देण्याची संधीही मिळते. पण दोघांचे नाते पुढे सरकत नाही. नातू म्हणजे त्याचे मत, एवढेच राहते. दुसऱ्या संवादात हसू हळुवार आहे. आजी देव सोडत नाही, नातू मत सोडत नाही आणि तरीही दोघांनाही एकमेकांसाठी करण्यासारखे काही उरते. चारही सूत्रे लावून पाहता दुसरी रचना अधिक समृद्ध ठरते. पहिली मात्र वाईट म्हणता येणार नाही. रोजच्या मालिकेत दोन्ही प्रकारांना जागा असते.

४.४ सारांश

'नास्तिक', 'पाखंडी' आणि 'बाटणे' हे शब्द तटस्थ नाहीत. त्यांत समाजाचा निवाडा साठलेला आहे. एकनाथांच्या भारुडात दोन धर्मांना बोलण्याचा समान अधिकार आहे, तर 'स्मृतिचित्रे'मध्ये दोन धर्मांच्या घराकडे पाहणारा आत्मविनोद आहे. पडद्यावरील नास्तिक बहुधा वादळी, हृदयशून्य किंवा दुखावलेला अशा साच्यांत येतो. आंतरधर्मीय जोडपे बहुधा येतच नाही, आणि आले तर मालिकेला किंवा जोडप्याला त्याची किंमत मोजावी लागते. हास्यविषय, अखेरचा शब्द, पात्राचे सर्वांगीण माणूसपण आणि किंमत या चार सूत्रांनी अशा चित्रणाची परीक्षा करता येते. ही परीक्षा श्रद्धेच्या किंवा अश्रद्धेच्या बाजूने कौल देण्यासाठी नाही. त्या हास्यात समोरचा माणूस शिल्लक राहतो की नाही, हे पाहण्यासाठी आहे.

४.५ पारिभाषिक शब्द

अर्थापकर्ष : शब्दाचा मूळ चांगला किंवा तटस्थ अर्थ हीन होत जाणे.
आत्मविनोद : निवेदकाने स्वतःलाच हास्यविषय करणे.
हास्यविषय : विनोदाचा रोख ज्याच्याकडे असतो ती व्यक्ती, वृत्ती किंवा मत.
साचा : पात्राचे व्यक्तिमत्त्व एका ठरीव गुणापुरते मर्यादित करणारी रचना.
निर्विष विनोद : कोणालाही न दुखावता विसंगतीचा आनंद देणारा विनोद.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : अ) 'बाटणे' हे अकर्मक क्रियापद असून त्यात कर्त्याची इच्छा व्यक्त होत नाही, 'स्वीकारणे' हे सकर्मक असून त्यात विचारपूर्वक कृती करणारा कर्ता आहे. आ) दोन्ही पक्षांना टीकेचा समान अधिकार आहे आणि शेवट परस्परांच्या स्वीकारात होतो.
प्रश्न २ : अ) वादळी जावई, हृदयशून्य बुद्धिमंत, दुखावलेला माणूस. आ) नायकाचे नास्तिक मत शेवटी देवाच्या दर्शनाने 'बरे' होते; त्यामुळे ते विचार न राहता दूर होण्याजोगी व्यथा ठरते.

४.७ सरावासाठी स्वाध्याय आणि क्षेत्रीय कार्य

१) 'स्मृतिचित्रे'तील विनोदाचे स्वरूप चार सूत्रांच्या आधारे स्पष्ट करा. (सुमारे ३०० शब्द)
२) 'मौन हेही चित्रणच असते' या विधानाची मराठी मालिकांच्या संदर्भात चर्चा करा. (सुमारे २०० शब्द)
३) आपण पाहत असलेल्या कोणत्याही विनोदी मालिकेचा एक भाग निवडून त्यातील 'आम्ही', 'आपण', 'आमच्यात', 'आपल्यात' यांचे सर्व प्रयोग टिपून घ्या. प्रत्येक ठिकाणी कोण आत आणि कोण बाहेर आहे, ते लिहा.
४) क्षेत्रीय कार्य : आपल्या घरात किंवा परिसरात भिन्न श्रद्धेच्या व्यक्तींविषयी बोलताना वापरली जाणारी दहा क्रियापदे नोंदवा आणि त्यांचे सकर्मक व अकर्मक असे वर्गीकरण करा. नोंदींत कोणत्याही व्यक्तीचे नाव लिहू नका. काम पूर्ण झाल्यावर त्यांपैकी कोणती क्रियापदे आपण स्वतः वापरतो, त्यांवर खूण करा. ही खूण केवळ आपल्यासाठी आहे; ती केंद्रावर सादर करण्याची आवश्यकता नाही.